परसातील कंदपुष्पे : फाल्गुन-चैत्रातील फुलासाठी वर्षभराची मशागत

माघ सरून फाल्गुन लागला की किनवटच्या डोंगरउतारांवर सागवान निष्पर्ण उभा असतो आणि त्याच्यामधून पळस फुलू लागतो. याच सुमारास गावातील काही परसांत, न्हाणीच्या कडेला किंवा तुळशीवृंदावनाजवळ, जमिनीतून एक जाड व पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकास तुतारीच्या आकाराची दोन ते चार मोठी तांबडी फुले उमलतात. पान त्या वेळी एकही नसते, किंवा नुकतेच डोके वर काढीत असते. घरोघर या झाडास नुसते ‘लिली’ म्हणतात. बागवान ॲमरिलिस म्हणतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव हिपिॲस्ट्रम असे आहे. मूळचे दक्षिण अमेरिकेतील हे कंदवर्गीय झाड आपल्याकडील हवेस पूर्णपणे रुळलेले असून, वसंत ऋतूत फुलणाऱ्या कंदांपैकी मराठवाड्यातील परसबागेस तेच सर्वांत भरवशाचे होय.

असे असूनही त्याच्याविषयी एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. कंद आणला त्या वर्षी फूल उत्तम आले; दुसऱ्या वर्षी पाने भरपूर आली, पण फूल नाही; तिसऱ्या वर्षी काहीच वर येईना म्हणून उकरून पाहिले, तो हातात दुर्गंधी सुटलेला लगदा आला. मग कोणी बेण्यास दोष देतो, कोणी जमिनीस, तर कोणी दृष्ट लागल्याचे सांगतो. वस्तुतः पहिल्या वर्षीचे फूल हे लावणाऱ्याच्या श्रमाचे फळ नसतेच. ज्याच्या बागेत तो कंद आदल्या वर्षी वाढला, त्याने ते आत भरून दिलेले असते. दुसऱ्या वर्षापासून मात्र लावणाऱ्याची परीक्षा सुरू होते, व ती परीक्षा फुलाच्या दिवसांत नव्हे, तर फूल गळून गेल्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांत होते. ही गोष्ट नीट उमजावी म्हणून कंदाची अंतर्रचना प्रथम पाहणे इष्ट आहे.

कंदाच्या पोटात काय असते

घरातील कांदा उभा चिरून पाहिल्यास मध्यभागी कोंब व त्याभोवती एकात एक बसलेले जाड पापुद्रे दिसतात. हे पापुद्रे म्हणजे अन्न साठविलेल्या पानांचे बुडखे होत. लिलीचा कंदही याच जातीचा आहे. सुरण व अळू यांचे गड्डे आतून भरीव असतात. त्यांत पापुद्रे नसतात. हळदीचा कंद हा जमिनीखाली आडवा वाढणारा खोडाचा भाग होय. नांदेड-हिंगोली भागातील शेतकऱ्यास हे तिन्ही प्रकार शेतात किंवा स्वयंपाकघरात रोजचे परिचयाचे आहेत; फुलांच्या कंदांतही तेच तीन प्रकार असतात, इतकेच.

हिपिॲस्ट्रमच्या कंदात वाढीचा एक ठरलेला क्रम असतो. साधारणपणे चार पाने तयार झाली की त्यांच्या लगत एका फुलदांड्याचा अंकुर तयार होतो. पुन्हा चार पाने, पुन्हा एक अंकुर. हा अंकुर लगेच बाहेर येत नाही. तो कंदाच्या पोटात कित्येक महिने, बहुधा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ, अगदी सावकाश वाढत राहतो. म्हणजे येत्या चैत्रात जे फूल दिसावयाचे, त्याचा अंकुर गेल्या हंगामातील पानांबरोबर धरलेला असतो. यावरून दोन गोष्टी उघड होतात. पाने कमी आली तर दांडे कमी धरतात. आणि पाने वेळेपूर्वी कापली, अगर सुरवंटांनी खाल्ली, तर धरलेला अंकुरही उपाशी राहून आतल्या आत सुकून जातो.

आपल्याकडे नेमके हेच घडते. फुले सुकल्यावर लांब, लोळणारी पाने अव्यवस्थित दिसतात, म्हणून सणासुदीच्या झाडझुडीत ती विळ्याने सपाट कापून टाकतात, किंवा शेळीच्या तोंडी लागतात. काही ठिकाणी पानांची वेणी घालून गाठ मारून ठेवतात. दिसण्यास ते नीटनेटके असले तरी पानांना ऊन मिळत नाही. तिन्ही प्रकारांचे फळ एकच. पुढील वर्षी दांडा नाही.

ट्युलिप आणि डॅफोडिल यांविषयी

अलीकडे रंगीत चित्रे पाहून ट्युलिप, डॅफोडिल व हायसिंथ यांचे कंद टपालाने मागविण्याची हौस तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. श्रीनगर येथील दल सरोवराकाठचे ट्युलिप उद्यान २००७ साली खुले झाल्यापासून ही फुले भारतातही होतात हे सर्वांस दिसले, व ते खरेही आहे. पण श्रीनगरचा हिवाळा किनवटला नाही. ट्युलिपच्या कंदात फूल उन्हाळ्यातच तयार होते. तथापि त्याचा दांडा लांबण्यासाठी त्या कंदास सुमारे १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून कमी थंडी सतत लागते. किनवट परिसरात पौषातील काही रात्री पारा १० अंशांपर्यंत किंवा त्याखाली उतरतो, परंतु दुपारी पुन्हा २८ ते ३० अंश होतात. एवढ्या थंडीने ट्युलिपचे समाधान होत नाही. फूल आलेच तर ते जमिनीलगत, पानांत अडकलेले येते.

शीतगृहात थंडावा देऊन विकलेले कंद डिसेंबरात कुंडीत लावल्यास एकदा फुलू शकतात. त्यानंतर उन्हाळ्याच्या ४२-४४ अंशांत त्यांचा पुढील वर्षासाठी काही उपयोग उरत नाही. ज्यांना एकदाच फुलणारी कुंडी विकत घ्यावयाची आहे त्यांनी अवश्य घ्यावी. दरवर्षी फुलणारी बाग म्हणून त्यावर पैसा खर्च करू नये. तेवढ्या रकमेत हिपिॲस्ट्रमचे जे कंद येतील, ते नीट राखल्यास घरात पिढीभर टिकतील.

या दोन प्रकारांतील फरक एका वाक्यात सांगता येण्यासारखा आहे. थंड प्रदेशातील कंदांस विश्रांती थंडीने मिळते, तर हिपिॲस्ट्रमसारख्या उष्ण प्रदेशातील कंदांस ती कोरडेपणाने मिळते. थंडी आपल्या हातची नाही. पाणी तोडणे हातचे आहे.

जमीन व वाफा

किनवट तालुक्याचा पाऊस जिल्ह्यात जास्तीपैकी आहे, आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील सपाट भागात कापसाची काळी, चिकण जमीन आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की कंदाचे मरण ओढवते. काळी जमीन पावसात फुगून तिच्यातील हवेच्या जागा बंद होतात; कंद पाण्यात बसल्यासारखा राहतो व त्याच्या बुडाची चकती, जिथून मुळे फुटतात, प्रथम कुजते. वरून पान पिवळे पडल्याचे दिसते, म्हणून पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालतात, आणि कुज पूर्णत्वास जाते.

उलटपक्षी, डोंगरपायथ्याच्या गावांतील व तांड्यांवरील हलकी, मुरमाड जमीन धान्यास कमी प्रतीची समजली जाते; पण कंदांस ती अधिक मानवते. तीत कुजलेले शेणखत भरपूर मिसळले की आणखी काही करावे लागत नाही. हलक्या जमिनीच्या वाट्यास असे कौतुक क्वचितच येते, म्हणून येथे मुद्दाम नमूद केले आहे.

जागा ठरविण्यापूर्वी निचऱ्याची परीक्षा घ्यावी. एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा एकदा भरावा व वेळ पाहावी. दुसऱ्या वेळचे पाणी तीन-चार तासांत जिरले तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी दिसले तर त्या जागी सपाट जमिनीत कंद लावू नयेत. गादीवाफा किंवा कुंडी यांचाच अवलंब करावा.

काळ्या जमिनीत गादीवाफा किमान एक फूट उंच असावा. घरची माती, जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, आणि पूर्ण कुजलेले शेणखत ही समभाग घेऊन मिश्रण करावे. खत ‘पूर्ण कुजलेले’ म्हणजे हातात घेतले असता ज्यास शेणाचा वास येत नाही व जे भुसभुशीत आहे असे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात, उधई लागते, व कच्च्या खताच्या उष्णतेने कंदाचे बूड दुखावते. दर चौरस मीटरला ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट किंवा त्याऐवजी हाडांचा चुरा मिसळावा. चुलीची राख घालण्याची पद्धत बऱ्याच घरी आहे. मराठवाड्याच्या काळ्या जमिनी मुळातच विम्लतेकडे झुकणाऱ्या व पालाशयुक्त असल्यामुळे राखेची त्यांना गरज नसते. अधिक राखेने अपायच होतो.

वाफ्याची दिशाही महत्त्वाची आहे. सकाळचे ऊन पूर्ण मिळावे व दुपारी दोननंतर सावली यावी अशी घराच्या पूर्वेकडील जागा उत्तम. तशी नसल्यास शेवग्यासारख्या विरळ सावलीच्या झाडाजवळ वाफा घ्यावा. चैत्रातील दुपारच्या उन्हात फूल दोन दिवसांत कोमेजते; तेच दुपारच्या सावलीत पाच-सहा दिवस टिकते. न्हाणीचे पाणी सतत वाहते तेथे कंद लावण्याची चाल अगदी सोडून द्यावी. साबणाच्या पाण्यापेक्षाही तेथील अखंड ओल अधिक घातक आहे, कारण तिच्यामुळे कंदास विश्रांती कधीच मिळत नाही.

लागवड

हिपिॲस्ट्रमची लागवड पौष-माघात, म्हणजे जानेवारी ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. कंद निवडताना तो हाताने दाबून पाहावा. तो कांद्यासारखा घट्ट लागला पाहिजे. बुडाची चकती कोरडी व अखंड असावी. घेर १८ ते २० सेंटीमीटर असल्यास पहिल्याच वर्षी फूल धरते; त्याहून लहान कंद स्वस्त मिळतात, परंतु त्यांस एक-दोन वर्षे पोसावे लागते. जिवंत, मांसल मुळे असल्यास ती कापू नयेत.

येथे एक चूक फार होते. कांद्याचे बी जसे झाकतात तसा हा कंद पुरता मातीत गाडतात. हिपिॲस्ट्रमचा वरचा एक तृतीयांश भाग व मान जमिनीच्या वर उघडी राहिली पाहिजे. मान मातीखाली गेली की पावसाचे पाणी पापुद्र्यांत साचून राहते. दोन कंदांत २५ ते ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे. कुंडीत लावावयाचे असल्यास मोठी कुंडी घेण्याचा मोह आवरावा. कंदाच्या भोवती दोन-दोन बोटे जागा राहील एवढीच कुंडी पुरे. मोठ्या कुंडीतील न वापरलेली माती ओली राहून कंद कुजवते.

लावल्यावर एकदा पाणी द्यावे. नंतर कोंब किंवा दांडा दिसेपर्यंत माती नुसती दमट राहील इतकेच पाणी पुरे.

फुलानंतरचे दिवस

फुले सुकली की दांडा बुडापासून दोन बोटे ठेवून कापावा, म्हणजे बी धरण्यात कंदाची शक्ती खर्ची पडत नाही. पानांस हात लावू नये. येथपासून कार्तिकापर्यंत प्रत्येक हिरवे पान म्हणजे पुढील वर्षाच्या फुलाची कमाई होय.

चैत्र-वैशाखात आठवड्यातून दोनदा, सकाळी, मुळाशी पाणी द्यावे. वाफ्यावर वाळलेल्या गवताचे किंवा पाचटाचे पातळ आच्छादन घालावे, मात्र ते कंदाच्या मानेस टेकू देऊ नये. उधई तेथूनच चढते. दांडा कापल्यावर एकदा व पावसाच्या सुरुवातीस एकदा, दर चौरस मीटरला २५ ते ३० ग्रॅम १५:१५:१५ मिश्रखत मातीत मिसळावे. नुसता युरिया देऊ नये. त्याने पाने लुसलुशीत वाढतात, कंद पोचट राहतो व कुज लवकर लागते.

पावसाळ्यात दोन शत्रू संभवतात. पहिला सुरवंट. काळसर अंगावर पिवळे-पांढरे ठिपके किंवा पट्टे असलेल्या अळ्या थव्याने पानांवर पडतात व चार-पाच दिवसांत पाने फस्त करून मानेतून कंदात शिरतात. पानाच्या टोकाकडे पारदर्शक, चाळण झाल्यासारखा भाग दिसला की त्याच सायंकाळी अगर दुसऱ्या सकाळी पानाच्या मागची बाजू पाहावी. परसबागेत हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हाच खात्रीचा उपाय आहे. कंद पुष्कळ असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. ज्या घरी पाने कोणी कापली नाहीत, पाणीही बेताने दिले, तरी फूल आले नाही, तेथे बहुधा श्रावणातील एखाद्या आठवड्यात ही अळी येऊन गेलेली असते व कोणाचे लक्ष गेलेले नसते.

दुसरा शत्रू तांबेऱ्यासारखे दिसणारे लाल डाग. पानांवर, दांड्यावर व कंदाच्या पापुद्र्यांवर तांबूस रेघा पडतात, पान डागाच्या जागी वाकडे होते. ही बुरशी असून पानांवर पाणी राहिल्याने पसरते. डागाळलेली पाने काढून जाळावीत. एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. घरगुती प्रमाण पुढीलप्रमाणे : १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व १० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळी भिजवून एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावी. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात विळ्याचे घासलेले पाते क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस लेप आल्यास चुना कमी पडला असे समजून थोडी निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

कार्तिक उजाडल्यावर, म्हणजे नोव्हेंबराच्या मध्यापासून, पाणी तोडावे. हा उपचार करताना पुष्कळांचा हात कचरतो, कारण झाड अद्याप हिरवे असते. पाणी क्रमाने कमी करून पंधरा-वीस दिवसांत पूर्ण बंद करावे. पाने पिवळी होऊन आपोआप सुकतात; सुकलेलीच ओढून काढावीत, हिरवी राहिलेली तशीच राहू द्यावीत. कुंड्या ओसरीत, पावसापासून व दवापासून आडोशाला ठेवाव्यात. मार्गशीर्ष, पौष व माघाचा काही भाग, असे आठ ते दहा आठवडे कोरडी विश्रांती मिळाली की कंद तयार झाला.

पुन्हा पाणी केव्हा सुरू करावे यासाठी पंचांग पाहण्याची गरज नाही. शिवारातील पळसाच्या काळ्या कळ्या फुटून पहिली केशरी फुले दिसली की पहिले पाणी द्यावे. सामान्यतः तीन ते पाच आठवड्यांत दांडा वर येतो. दांड्यापूर्वी नुसती पानेच आली, तर त्या कंदाची गतवर्षीची कमाई अपुरी होती असे जाणून यंदा त्याची पाने अधिक जपावीत. कंद फेकून देऊ नये.

जोडीस लावण्याजोगे इतर कंद

गुलछडी, म्हणजेच निशिगंध, फुलते पावसाळ्यात व त्यानंतर. परंतु तिच्या लागवडीचा काळ वसंत हाच आहे. दीड ते तीन सेंटीमीटर व्यासाचे कंद, काढल्यानंतर दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून, एप्रिल-मेमध्ये ३० × २० सेंटीमीटर अंतरावर ५ ते ६ सेंटीमीटर खोल लावावेत. हिपिॲस्ट्रमच्या उलट, हा कंद मातीखाली असावा लागतो. तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे सुरू होतात. सुट्या फुलांसाठी एकेरी पाकळीच्या जाती घ्याव्यात. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ या तशा जाती आहेत. ‘सुवासिनी’ व ‘वैभव’ अनुक्रमे दुहेरी व निमदुहेरी असून फुलदाणीसाठी योग्य. माहूरगडावर रेणुकामातेच्या नवरात्रात हारफुलांस मोठी मागणी असते, आणि एप्रिलअखेर लावलेली गुलछडी तेव्हा ऐन फुलावर असते. ज्यांच्याकडे विहिरीचे पाणी उन्हाळ्यात पुरते अशांनी दोन-तीन गुंठ्यांचा विचार करण्यास हरकत नाही. एकदा लावलेले पीक खोडव्यासह तीन वर्षे ठेवता येते.

ग्लॅडिओलसचा भरीव गड्डा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरात लावतात व जातीनुसार अडीच ते तीन महिन्यांत तो फुलतो. दांडा कापताना झाडावर किमान चार पाने ठेवावीत. पुढे सहा ते आठ आठवड्यांनी गड्डे काढून सावलीत सुकवावेत. त्यांचा उन्हाळा कसा काढावयाचा हीच येथील अडचण आहे. शीतगृह जवळ नसल्यास कोरड्या वाळूत थर देऊन, घरातील सर्वांत थंड व हवेशीर कोपऱ्यात ठेवल्यास बरेचसे गड्डे वाचतात, सर्व वाचत नाहीत. हौस म्हणून लावावा. नव्या शेतकऱ्याने पहिल्याच वर्षी विक्रीसाठी लावू नये.

भुईचाफ्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हळदीच्या कुळातील हा कंद उन्हाळ्यात, एकही पान नसताना, थेट जमिनीतून पांढरी-जांभळट सुगंधी फुले देतो. पाने नंतर पावसात येतात. मशागत हळदीसारखीच, पण झाडाच्या सावलीत. हळदीचे बेणे राखणाऱ्या घरास हा वेगळा शिकवावा लागत नाही.

कळलावीसंबंधी मात्र सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. पावसाळ्यात पानगळीच्या रानात कुंपणांवर चढलेली तिची लाल-पिवळी, ज्वालेसारखी फुले पाहून तिचे नांगराच्या आकाराचे कंद उकरून घरी लावण्याची इच्छा होते. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसीन नावाचे जहाल विष असते. रानातून उकरलेल्या प्रत्येक कंदाबरोबर तेथील वेलही नाहीसा होतो. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे ती लावूच नये. प्रसूतीच्या कळांशी हिचे नाव जोडलेले असले तरी ती कोणासही कोणत्याही कारणास्तव पोटात देऊ नये. चुकून खाल्ली गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता, झाडाचा तुकडा बरोबर घेऊन तत्काळ सरकारी रुग्णालय गाठावे.

हिपिॲस्ट्रमचा कंदही खाण्याचा नव्हे. त्यात लायकोरिन हे द्रव्य असून ते पोटात गेल्यास मळमळ व वांत्या होतात. साल काढलेला हा कंद आणि कांदा यांत अंधारात फरक कळत नाही. सबब फुलांचे कंद कांद्याच्या टोपलीत, शिंक्यात किंवा चाळीत कधीही ठेवू नयेत. ते जाळीच्या वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी बांधून, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे टांगावेत. गुरांच्या दावणीजवळही वाफा नसावा.

पिलांची विभागणी

तीन-चार वर्षांत मूळ कंदाभोवती पिले धरून गर्दी होते व दांडे कमी येऊ लागतात. विभागणीस कोरड्या विश्रांतीचाच काळ योग्य होय. वाफा खणून गड्डा उचलावा, माती झटकावी व जी पिले हाताने सहज सुटतील तेवढीच, मुळांसह, वेगळी करावीत. चाकूने ओरबाडलेल्या पिलाची जखम कुजते. सुटलेले कंद दोन-तीन दिवस सावलीत ठेवून, जखम सुकल्यावरच लावावेत. लिंबाएवढ्या पिलास फूल येण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. बियांपासून केलेल्या रोपास सुमारे तितकीच किंवा थोडी अधिक. तांबड्या रंगाशिवाय पांढऱ्या, गुलाबी व पट्टेदार जाती असल्यास फुलाच्या वेळीच बांबूच्या कामटीवर रंग लिहून ती कंदाजवळ रोवावी, कारण पौषात सर्व कंद सारखेच दिसतात.

विभागणीचा हा काळ संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत येतो. हळदीकुंकवास वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या व वाट्या वाटण्याची रीत आता खेड्यांतही पडली आहे. ज्या घरी पिले जास्त झाली असतील त्यांनी वाणास कंदच द्यावा. एकेक कंद जुन्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, आणि कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : फुलाचा रंग, मान मातीवर ठेवणे, पाने न कापणे, हा कांदा नव्हे.